बजेट शेवटी बोला: जुन्या गेमसाठी ग्राफिक्स कार्ड निवडताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलेल्या माणसाला काउंटरवर पहिला प्रश्न येतो, ‘बजेट बोला.’ गिऱ्हाईक आकडा सांगतं, त्या आकड्यात बसणारं कार्ड काचेवर येतं आणि व्यवहार पाच मिनिटांत उरकतो. घरी आल्यावर कळतं, की कार्ड कॅबिनेटमध्ये मावतच नाही. किंवा मावतं, पण त्याला लागणारी सहा पिनांची वायर पीसीला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसला नाही. किंवा सगळं जुळतं, तरी ‘सॅन अँड्रियास’ आधी अडखळत होता तसाच अडखळतो, कारण दोष कार्डाचा नव्हताच.

जुने गेम खेळू पाहणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. चार जीबी पुरतील का? ऑफिसातून निघालेल्या रिफर्बिश्ड पीसीत कुठलं कार्ड बसेल? सेकंड हँड घेतलं तर फसगत होईल का? या प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत, फक्त क्रम उलटा धरावा लागतो. आधी गेम, मग तुमचा पीसी, मग कार्ड आणि सगळ्यात शेवटी बजेट.

पायरी पहिली: गेमची यादी करा, पुढे साल लिहा

खरोखर खेळायचे आहेत असे पाच-सहा गेम कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे तो पीसीवर कधी आला ते साल टाका. ही यादी साधारण तीन गटांत पडते.

- २००८ च्या आधीचे गेम. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९), ‘व्हाइस सिटी’ (२००३), ‘सॅन अँड्रियास’ आणि ‘मोस्ट वाँटेड’ (दोन्ही २००५). सायबर कॅफेत तासाच्या दरानं खेळले गेलेले हे गेम. ‘सॅन अँड्रियास’ची किमान मागणी होती ६४ एमबी ग्राफिक्स मेमरी. जीबी नव्हे, एमबी.
- २००८ ते २०१५. ‘जीटीए ४’, ‘स्कायरिम’ (२०११), ‘फार क्राय ३’ (२०१२), ‘जीटीए ५’ आणि ‘विचर ३’ (पीसीवर दोन्ही २०१५). ‘जीटीए ५’साठी कंपनीनं शिफारस केलेलं कार्ड २ जीबीचं जीटीएक्स ६६० होतं, तर ‘विचर ३’साठी जीटीएक्स ७७०. २०१९ मधलं खालच्या फळीतलं जीटीएक्स १६५० या दोघांच्याही पुढे आहे.
- २०१६ ते २०१९. इथून वजन वाढतं. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (पीसीवर २०१९) चांगल्या सेटिंगवर खेळायचा तर शिफारस आहे ६ जीबीच्या जीटीएक्स १०६० ची.

यादीतला सर्वांत जड गेम कार्ड ठरवतो. बाकीचे त्याच्या मागून आपोआप चालतात.

इथं एक खाच आहे. जुन्या गेमची नवी आवृत्ती म्हणजे जुना गेम नव्हे. २०२१ मध्ये आलेल्या ‘सॅन अँड्रियास’च्या डेफिनिटिव्ह एडिशनची शिफारस ४ जीबीच्या जीटीएक्स ९७० पर्यंत जाते. ‘जीटीए ५’ची २०२५ मधली एनहान्स्ड आवृत्तीही जुन्या आवृत्तीपेक्षा जड आहे आणि ‘विचर ३’ला डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या मोठ्या अपडेटनं त्याचंही वजन वाढवलं. तुमच्याकडे नेमकी कुठली आवृत्ती आहे, ते यादीत लिहा.

शेवटी मॉनिटर पाहा. घरोघरी दिसणारे साडेअठरा इंची मॉनिटर बहुधा १३६६×७६८ चे असतात. त्यावर कार्डाला १०८०पीच्या जवळपास निम्मेच पिक्सेल रंगवायचे असतात. मॉनिटर बदलायचा बेत नसेल, तर एक पायरी खालचं कार्डही भागवून नेतं.

पायरी दुसरी: कार्ड न घेता भागतंय का?

यादीत फक्त पहिला गट असेल, तर पैसे खिशातच ठेवा. इंटेलच्या आठव्या-नवव्या पिढीच्या प्रोसेसरमधलं यूएचडी ६३० हे अंगभूत ग्राफिक्स त्या काळाचे गेम सहज पेलतं. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरवर दुसऱ्या गटातलेही बरेच गेम कमी-मध्यम सेटिंगवर चालतात.

अंगभूत ग्राफिक्स वापरणाऱ्यांनी रॅम आधी तपासावी. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते पीसीची रॅम वापरतं. आठ जीबीची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी टाकून ड्युअल चॅनेल करा. कार्डाच्या किमतीच्या छोट्या हिश्श्यात फरक डोळ्यांना दिसेल.

मात्र प्रोसेसरच्या नावाकडे नीट बघा. आय३-१२१००एफ, आय५-१२४००एफ यांच्या शेवटी असलेल्या ‘एफ’चा अर्थ अंगभूत ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६०० लाही ते नाही, ५६००जी ला आहे. ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर असेल, तर कार्ड घेण्यावाचून गत्यंतर नाही.

पायरी तिसरी: कॅबिनेट उघडून मोजा

दुकानात जाण्याआधी बाजूचं झाकण काढा, आतला फोटो काढा आणि पुढच्या गोष्टी टिपून घ्या.

1. एसएमपीएस. त्यावरच्या स्टिकरवर एकूण वॅट आणि १२ व्होल्टचा आकडा असतो, दोन्हींचा फोटो घ्या. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. सहा पिनांची वायर आणखी ७५ आणि आठ पिनांची १५० वॅट पुरवते. या वायरी तुमच्या एसएमपीएसला आहेत का, हे पाहिल्यावर निम्मी निवड तिथंच होते.
2. जागा. समोरच्या पंख्यापर्यंतची लांबी मोजपट्टीनं मोजा. स्लॉटच्या शेजारची पट्टी मोकळी आहे का, तेही बघा, कारण बहुतेक कार्डं दोन पट्ट्यांची जागा खातात. आडव्या, चपट्या ऑफिस पीसीत फक्त अर्ध्या उंचीचं, म्हणजे लो-प्रोफाइल कार्ड बसतं.
3. मदरबोर्ड. बोर्डाचा मॉडेल नंबर लिहून घ्या. फार जुन्या, यूईएफआय नसलेल्या बायोसवर काही नवी कार्डं पडद्यावर चित्रच आणत नाहीत. बोर्डाची कंपनी शेवटचं बायोस अपडेट देत असेल, तर ते आधी टाका.
4. मॉनिटरचं तोंड. मॉनिटरला फक्त निळं व्हीजीए असेल, तर साधी वायर उपयोगाची नाही. जीटीएक्स १० मालिकेपासून आणि आरएक्स ४०० मालिकेपासून कार्डांनी ॲनालॉग सिग्नल देणं सोडलं. आत चिप असलेला ॲक्टिव्ह एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागेल.
5. यूपीएस. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास भार घेतो. जड कार्ड घेतलंत आणि गेम रंगात आला असताना वीज गेली, तर यूपीएसही त्याच क्षणी मान टाकू शकतो.

रिफर्बिश्ड ऑफिस पीसी घेतलेल्यांनी एसएमपीएसची जास्त काळजी घ्यावी. काही मॉडेलांत मदरबोर्डला नेहमीचा २४ पिनांचा प्लग नसून कंपनीचा स्वतःचा वेगळा प्लग असतो. बाजारातून नवा एसएमपीएस आणून बदलू, हा बेत तिथं फसतो. अशा पीसीसाठी वेगळी वायर न लागणारं कार्ड हाच सरळ रस्ता.

पायरी चौथी: आता कार्ड

किमती सतत हलत असतात, त्यामुळे आकडे दुकानात किंवा ऑनलाइन त्या दिवशीच पाहावेत. निवडीची चौकट मात्र फारशी बदलत नाही.

वेगळी पॉवर वायर नसेल तर

- जीटीएक्स १६५० (२०१९, ४ जीबी, ७५ वॅट). पहिल्या दोन गटांना पुरेसं. काही कंपन्यांच्या जास्त वेगाच्या आवृत्त्यांना सहा पिनांची वायर लागते, म्हणून कार्डाच्या कडेला पिनांचा सॉकेट नाही ना, हे खोक्यावरच्या चित्रात बघा.
- आरटीएक्स ३०५०, ६ जीबी (२०२४, ७० वॅट). वायरशिवाय चालणाऱ्यांतलं दमदार कार्ड. लो-प्रोफाइलमध्येही मिळतं. तिसऱ्या गटातले गेमही सेटिंग जरा उतरवून खेळता येतात.
- आरएक्स ६४०० (२०२२, ४ जीबी, ५३ वॅट). एका पट्टीत मावणारं, चपट्या पीसीला सोयीचं. पण ते स्लॉटच्या सोळापैकी चारच वाहिन्या वापरतं. नव्या चौथ्या पिढीच्या स्लॉटवर ते खपून जातं. एच८१ सारख्या जुन्या बोर्डावर स्लॉटच दुसऱ्या पिढीचा असल्यानं तिथं त्याचा वेग पडतो. आरएक्स ६५०० एक्सटीचं दुखणंही हेच, आणि त्याला वायरही लागते.

सहा किंवा आठ पिनांची वायर असेल तर

- आरएक्स ६६०० (२०२१, ८ जीबी, १३२ वॅट). १०८०पीवर तिन्ही गट निश्चिंतपणे खेळायचे असतील, तर तुलनेची सुरुवात इथून करा. आठ पिनांची एक वायर आणि चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस एवढ्यावर भागतं.
- जीटीएक्स १६६० सुपर (२०१९, ६ जीबी, १२५ वॅट). आता बहुधा सेकंड हँडच मिळेल. २०१९ पर्यंतच्या गेमना भरपूर झालं.
- इंटेल आर्क. बी५८० (१२ जीबी) सारखी कार्डं किमतीच्या मानानं ताकदवान आहेत, पण त्यांना पीसीत ‘रीसाइझेबल बार’ ही सोय चालू असावी लागते आणि इंटेलची शिफारस आहे दहाव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरची. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या पीसीत आर्क बसवणं म्हणजे पैसे अडकवणं.

नाव एकच, माल दोन

सर्वाधिक फसगत खोट्या कार्डांनी नव्हे, तर खऱ्या कार्डांच्या सारख्या नावांनी होते. पुढच्या जोड्या ओळखून ठेवा.

- जीटी १०३०: जीडीडीआर५ मेमरीच्या आवृत्तीची मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती वाहते, डीडीआर४ ची फक्त १६.८ जीबी. खोक्यावर नाव तेच, वेग पार वेगळा.
- जीटीएक्स १०६०: ३ जीबीच्या कार्डात मेमरीच नव्हे, कोअरही कमी आहेत. १२८० ऐवजी ११५२.
- आरएक्स ५८०: पूर्ण कार्डात २३०४ कोअर असतात. ‘२०४८एसपी’ असं बारीक अक्षरांत लिहिलेल्या कार्डात आरएक्स ५७० इतकेच, म्हणजे २०४८.
- आरटीएक्स ३०५०: ८ जीबीचं आणि ६ जीबीचं अशी दोन वेगवेगळी कार्डं आहेत. ६ जीबीचं मंद, पण वायर न मागणारं.
- आरटीएक्स ३०६०: मूळ १२ जीबीचं. ८ जीबीच्या आवृत्तीत मेमरीचा रस्ता १९२ वरून १२८ बिटांवर आणलेला आहे.

‘चार जीबी पुरतील का?’ या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. जीबीचा आकडा एकटा काही सांगत नाही. ४ जीबी डीडीआर३ मेमरी लावलेलं जीटी ७३० हे त्याचं ठळक उदाहरण. खोक्यावर चार जीबी मोठ्या अक्षरांत, आणि ‘जीटीए ५’ सुरू केला की धापा टाकायला लागतं.

जुन्या गेमला अगदी नवं कार्ड?

‘नवं घेतलं की जुनं सगळं चालणारच’ हे गृहीत धरू नका. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेतून एनव्हिडियानं ३२ बिट कुडाचा, म्हणजे कार्डाकडून इतर आकडेमोड करून घेण्याच्या सोयीचा, आधार काढला आणि त्याबरोबर गेममधल्या वस्तूंची हालचाल रंगवणारं ३२ बिट फिजएक्सही कार्डावर चालेनासं झालं. ‘मिरर्स एज’, ‘बॉर्डरलँड्स २’, ‘बॅटमॅन: अर्कम सिटी’ यांतला धूर, फुटलेली काच, उडणारे कागद हे सगळं फिजएक्सच्या जोरावर होतं. ते प्रोसेसरवर पडल्यावर महागडी कार्डंही अडखळू लागली. ओरड झाल्यावर कंपनीनं डिसेंबर २०२५ मधल्या ड्रायव्हरपासून अशा काही निवडक गेमपुरता आधार परत दिला. आरटीएक्स ५०५० किंवा ५०६० घेणार असाल, तर तुमचा गेम त्या यादीत आहे का ते आधी बघा. यादीत नसेल, तर गेममधला फिजएक्सचा पर्याय बंद ठेवा. गेम नीट चालतो, फक्त ती सजावट जाते.

इंटेल आर्कची गोष्ट थोडी निराळी. ‘जीटीए ४’च्या काळातले बरेच गेम डायरेक्टएक्स ९ वर चालतात. सुरुवातीला आर्क हे काम थेट न करता त्याचं डायरेक्टएक्स १२ मध्ये रूपांतर करून भागवत होतं. नंतरच्या ड्रायव्हरमध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. आर्क घेतलंत, तर ड्रायव्हर कायम ताजा ठेवा.

उलट टोकाला जुन्या कार्डांचं वय आहे. जीटीएक्स १०६०, १०५० टीआय, जीटी १०३० या पिढीसाठी एनव्हिडियानं नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेची अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील. जुनेच गेम खेळणाऱ्याला यानं फरक पडत नाही. तरी सेकंड हँडचा भाव पाडून मागायला हे कारण चांगलं आहे. जीटीएक्स १६५० आणि १६६० सुपर पुढच्या पिढीची असल्यानं त्यांना ही कात्री लागलेली नाही.

सेकंड हँड घेताना

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या क्रिप्टोचलनाची व्यवस्था बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवरचं त्याचं मायनिंग एका दिवसात संपलं. रात्रंदिवस राबलेली हजारो कार्डं बाजारात आली. आरएक्स ५७०, ५८०, १६६० सुपर ही त्यातलीच नेहमीची नावं. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण तपासल्याशिवाय घेऊ नका.

- कार्ड चालू पीसीत लावलेलं दाखवायला सांगा. ‘काल चालत होतं’ हा डेमो नव्हे.
- पेन ड्राइव्हमध्ये जीपीयू-झेड घेऊन जा. हे फुकटचं सॉफ्टवेअर कोअरची आणि मेमरीची खरी संख्या दाखवतं. जुन्या चिपवर बायोस बदलून १०५० टीआयचं नाव चढवलेलं असेल, तर बहुधा नावाआधी ‘फेक’ असा शब्दही आणतं.
- फरमार्क किंवा एखादा जड गेम पंधरा मिनिटं चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके, रेघा, अचानक काळा पडदा यांपैकी काही दिसलं, तर उठा आणि निघा.
- पंखे हातानं हलवून बघा. स्क्रूंवर उघडल्याच्या खुणा असतील, तर कार्डावर दुरुस्ती झाली आहे का, ते सरळ विचारा.
- मूळ बिल आणि सीरियल नंबर मागा. काही कंपन्यांची वॉरंटी सीरियल नंबरवर चालते, काहींना बिल लागतंच. कंपनीच्या सेवा केंद्राला तो नंबर सांगून उरलेली मुदत पक्की करा.
- अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवू नका. माल हातात आणि चालू स्थितीत पाहिल्यावरच यूपीआय.

बिल, वॉरंटी आणि तुमचे हक्क

नवं कार्ड दुकानातून घ्या वा ऑनलाइन, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तुमच्या पाठीशी आहे. काउंटरवर उपयोगी पडतील अशा तरतुदी:

- पक्कं बिल हा तुमचा हक्क आहे. बिल न देणं ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ‘जीएसटी नको असेल तर थोडं कमी करतो’ या सवलतीत तुम्ही वॉरंटीच विकून टाकत असता. बिलावर कार्डाचं पूर्ण नाव, मेमरी आणि सीरियल नंबर लिहून घ्या.
- ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का शेवटचा शब्द नाही. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं हीदेखील अनुचित प्रथाच.
- खोक्यावरचा स्टिकर वाचा. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा तपशील असावा लागतो. हा स्टिकर नसलेलं स्वस्त कार्ड बहुधा आडमार्गानं आलेलं असतं आणि भारतातलं सेवा केंद्र ते हातात घेत नाही.
- ऑनलाइन तक्रार. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निराकरण द्यायचं असतं. खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. दुसरंच कार्ड निघालं, तर तो पुरावा बोलतो.

दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. त्यानंही काम झालं नाही, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मग दुकान मुंबईत असो वा दिल्लीत. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते.

व्यक्तीकडून सेकंड हँड घेतलेल्या कार्डाला हे कवच धरून चालू नका. तिथं वरचा डेमो हीच तुमची वॉरंटी.

कार्ड बसवल्यावर

मॉनिटरची वायर मदरबोर्डमधून काढून कार्डाला लावा. ‘कार्ड घेऊनही फरक नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच निघतं. त्यानंतरही जुना गेम रुसला, तर दोष कार्डाच्या माथी मारण्याआधी हे पाहा.

- वेग जास्त झाला का? काही जुन्या गेमचं भौतिकशास्त्र फ्रेमच्या वेगाला बांधलेलं असतं. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये ६० च्या वर गेल्यावर टेबलावरची भांडी उडू लागतात. ‘सॅन अँड्रियास’मध्ये फ्रेम लिमिटर बंद केला, की नायक पोहताना पुढेच सरकत नाही. लिमिटर चालू ठेवा, किंवा ड्रायव्हरमधून ६० ची मर्यादा घाला.
- सीडी चालत नाही का? विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टनं सेफडिस्क या जुन्या कुलपाचा आधार काढला. त्या कुलपाची मूळ डिस्क कुठल्याही कार्डावर चालणार नाही. गेमची डिजिटल आवृत्ती मिळते का, ते बघा.
- खूपच जुना गेम आहे का? शतक बदललं त्याच्या आगेमागे आलेल्या गेमसाठी डीजीव्हूडू २ हे फुकटचं साधन जुन्या ग्राफिक्स आज्ञा नव्या कार्डाला समजतील अशा करून देतं.

एवढी तयारी झाली, की काउंटरवरचं संभाषण वेगळं होतं. समजा घरी चपटा रिफर्बिश्ड पीसी आहे आणि यादीत ‘विचर ३’ सगळ्यात जड. मग ‘बजेट बोला’ म्हणणाऱ्याला फोनमधला कॅबिनेटचा फोटो दाखवून सांगायचं, ‘एसएमपीएस २४० वॅटचा आहे, पॉवर वायर नाही, स्लॉटच्या शेजारची पट्टी मोकळी आहे, मॉनिटर व्हीजीए. लो-प्रोफाइल आरटीएक्स ३०५०, सहा जीबी दाखवा, नसेल तर लो-प्रोफाइल १६५०. छोटी ब्रॅकेट खोक्यात हवी, सोबत ॲक्टिव्ह कन्व्हर्टर आणि बिलावर सीरियल नंबर. आता भाव सांगा.’